तिसऱ्या फोटोतला हात

"उज्ज्वला, हार काढ! आधी तो हार काढ!"

आमच्या हेडमास्तरांचा, मुळीक सरांचा आवाज फोनमधून इतक्या जोरात आला की समोर बसलेल्या आठवीच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. मी त्यांच्यावर डोळे वटारले आणि व्हरांड्यात गेले.

"कुठला हार, सर?"

"कुठला म्हणून मलाच विचार! विभूते सरांच्या फोटोला हार घातलायस तू. जिवंत माणसाच्या! माझ्या ऑफिसात दोघं येऊन डोळे पुसून गेले. शिंद्यांचा पोरगा तर फुलं घेऊन त्यांच्या घरी निघाला होता, चौकातनं परत फिरवला त्याला."

मला आधी हसू आलं. खोटं कशाला बोलू, हसूच आलं. मग मी कॉम्प्युटर लॅबकडे पळत सुटले.

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या डिसेंबरातली, एका गुरुवारची. मी सत्तावीस वर्षांची होते आणि विट्याच्या लोकोदय विद्यालयात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होते. शाळेला पन्नास वर्षं झाली होती. रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यात विभूते सरांचा सत्कार. त्यासाठी शाळेची वेबसाइट करायची ठरली आणि ती माझ्या गळ्यात पडली, कारण बाहेरून करून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. वेबसाइट म्हणजे काय, तर शाळेचा इतिहास, निकाल, अभिप्राय लिहायची एक चौकट, आणि सगळ्यांत वर सरकते फोटो. बाकीचं कुणी वाचलंसुद्धा नाही. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांचा जीव त्या सरकत्या फोटोंत. "माझा कितव्या नंबरला येतोय गं?" एवढंच.

पहिला फोटो संस्थापक अप्पासाहेबांचा. दुसरा जुन्या कौलारू इमारतीचा. तिसरा विभूते सरांचा. मग मुळीक सर, मग खो-खोच्या ढाली, मग नवी इमारत. पाच-पाच सेकंदांनी एक फोटो डावीकडे सरकायचा आणि पुढचा यायचा.

बुधवारी संध्याकाळी सगळं तयार झालं. गुरुवारी सकाळी मुळीक सर आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अप्पासाहेबांच्या फोटोला हार नाही? लोक काय म्हणतील? जिवंत आहेत का ते? घाल हार."

"सर, फोटोवर कसा..."

"तू शिकलीस ना एवढी? घाल."

घातला. झेंडूच्या हाराचं एक चित्र शोधलं, मागची पांढरी पार्श्वभूमी खोडली आणि दिला चढवून. पण चढवला कुठं? एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना शेतं, झाडं, बांध मागे जातात आणि खिडकी जागच्या जागी राहते ना, तसंच असतं ते. फोटो मागे जातात, चौकट हलत नाही. मी हार फोटोला बांधायच्या ऐवजी चौकटीला बांधला. अप्पासाहेबांचा फोटो आला, हार बरोबर गळ्यात बसला, मुळीक सर म्हणाले, "शाब्बास," आणि आम्ही दोघांनी दुसरा फोटो यायची वाटसुद्धा बघितली नाही. तेवढ्यात त्यांनी पत्ता माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवला.

तर फोटो सरकले आणि हार तिथंच राहिला. कौलारू इमारतीला हार. विभूते सरांना हार. मुळीक सरांना स्वतःलासुद्धा हार, पण त्यांच्यासाठी कुणी ऑफिसात येऊन रडलं नव्हतं, म्हणून आधी सरांचं कळलं.

मी काढला हार. शिव्या खात खात, पण काढला. मुळीक सरांनी ग्रुपवर लिहिलं की तांत्रिक चूक होती, विभूते सर ठणठणीत आहेत, रविवारी सर्वांनी यावं. तोवर ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' शंभरेक वेळा येऊन गेली होती. एकानं तर चार कडव्यांची कविता टाकली होती. मेल्या, इतक्या लवकर सुचली कशी तुला?

आजही विट्यात मला कुणी भेटलं की हाराचीच आठवण काढतात. "तू नाही का विभूते सरांना जिवंतपणी हार घातलास!" आणि हसतात. मीही हसते. हाराचं काही नाही. हार सगळ्यांनी बघितला, सगळ्यांनी मला बोलून घेतलं, संपलं. मी जे केलं ते वेगळंच आहे, आणि ते त्यांच्यापैकी एकालाही दिसलं नाही.

त्यासाठी आठवडाभर मागं जावं लागेल.

विभूते सरांनी सत्काराला तीनदा नकार दिला होता. गणिताचे मास्तर, वय एक्क्याऐंशी, पाठ अजून फळ्यासारखी सरळ. रिटायर झाल्यावरही दहा वर्षं ते फुकट तास घ्यायचे, त्यामुळे आम्हालाही शिकवलेलं त्यांनी. मी नववीत असताना शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी मला उभं करून म्हणाले होते, "उत्तर बरोबर आहे, पायऱ्या कुठं आहेत? शून्य." असा माणूस. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटे, शेजारच्या इंदूताई डबा द्यायच्या.

तर आठवडाभर आधी ते स्वतः लॅबमध्ये आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो.

"उज्ज्वले, सत्कार घेतो म्हणालोय मुळीकला. पण माझी एक अट आहे. हा फोटो लागला पाहिजे त्या तुझ्या इंटरनेटवर. हाच. दुसरा नाही."

मी कागद सोडला. उभा फोटो, काळापांढरा, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. काळ्या केसांचे विभूते सर फळ्यावर उंच हात करून पायथागोरसचा त्रिकोण काढतायत. त्यांच्या कमरेशी दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं उभं. हाफ पँट, तेल चोपडलेले केस, मान वर करून सरांकडे बघतंय आणि एक हात उंच करून त्यांना खडू देतंय. पोराच्या तोंडावर असं हसू, की काय सांगू तुम्हाला. बापाला खडू देतोय म्हणजे जणू जगाची किल्ली देतोय.

"जालिंदर?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

जालिंदरची गोष्ट विट्यात सगळ्यांना ठाऊक. दहावीच्या बोर्डाच्या पेपरला ऐनवेळी माणूस कमी पडला म्हणून त्याच्याच वर्गावर सर सुपरवायझर होते. गणिताच्याच पेपरला पोराच्या खिशात चिठ्ठी सापडली. दुसरं कुणी असतं तर चिठ्ठी फाडून टाकली असती, दोन कानाखाली दिल्या असत्या, झालं. सरांनी भर वर्गात त्याला उभा केला, स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला आणि खाली सही केली, बळवंत रामचंद्र विभूते. पोराची परीक्षा गेली. महिन्याभरात तो कोइमतूरला गेला, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, गलाईला. आमच्याकडे घरटी एक माणूस बाहेर गलाईला असतोच, त्यात नवल नाही. पण बाकीची पोरं यात्रेला येतात, लग्नाला येतात. जालिंदर एकदाच आला, आई गेली तेव्हा. तीन दिवस राहिला, वडिलांशी एक शब्द बोलला नाही आणि निघून गेला.

"कोइमतूरला दिसतं का हे?" सरांनी विचारलं.

"सगळीकडे दिसतं, सर. जगात कुठंही."

"ग्रुपवर आहे म्हणे तो. बोलत नाही, पण बघतो सगळं. पोरं सांगत होती."

"सर, फोन करा की त्याला. नंबर मिळवून देते मी."

"फोन करून काय सांगू?" ते एकदम चिडले. "माझं चुकलं म्हणू? नियम होता, मी पाळला. ते मी आजही करीन." मग फोटो माझ्यापुढे सरकवत खालच्या आवाजात म्हणाले, "पण हा फोटो मी एकतीस वर्षं कपाटात ठेवलाय, तेवढं त्याला कळू दे. आपण फोटोत आहे हे बघितलं तर येईल रविवारी. त्याला कळतं सगळं. पोरगं हुशार होतं माझं."

सत्कार-बित्कार सगळं सोंग होतं. म्हाताऱ्याला फक्त तो एक फोटो कोइमतूरला पाठवायचा होता. आणि त्याची पोस्टमन मी.

फोटो स्कॅन केला. आणि अडलं. माझी चौकट आडवी, फोटो उभा. सबंध घातला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत होते. मुळीक सर मागेच उभे होते.

"हे काय? एक उभा, एक आडवा, ही काय जत्रा आहे? सगळे एकसारखे भरून दिसले पाहिजेत. काप वरखाली."

"सर, खालून कापलं तर मुलगा जातोय."

"मग? सत्कार मुलाचा आहे का?"

मी बोलले असते तर? "सर, याच फोटोवर त्यांनी होकार दिलाय," एवढंच म्हणायचं होतं. पण जूनमध्ये माझी नेमणूक परत करायची की नाही हे मुळीक सरच ठरवणार होते. आणि दुसरं खरं सांगू? मलाही ते काळे पट्टे आवडत नव्हते. माझं पहिलंच काम होतं ते. देखणं दिसावं असं मला वाटत होतं.

कापला. सरांचा चेहरा, फळा, त्रिकोण, सगळं झकास बसलं. पोरगं गेलं. फक्त खालच्या कडेला त्याचा वर केलेला हात राहिला, मनगटापासून वर, बोटांत खडू. तो हात कुणाचा आहे हे माहीत नसणाऱ्याला तो दिसलाही नसता.

रविवारी मैदानात मांडव घातला होता. स्टेजच्या मागे मोठा पडदा, त्यावर माझे सरकते फोटो, पाच-पाच सेकंदांनी. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली. सरांना नवा फेटा बांधला होता, त्यात ते अवघडून बसले होते. त्यांनी सकाळीच मुळीक सरांना सांगून आपल्या शेजारी एक जास्तीची खुर्ची ठेवून घेतली होती. कुणी बसायला आलं की म्हणायचे, "नको, येणार आहे एकजण."

भाषणं सुरू व्हायच्या आधी ते काठी टेकत माझ्याकडे आले.

"उज्ज्वले, पोरगं कुठं गेलं गं?"

मी लॅपटॉपची वायर नीट करायला लागले.

"पडद्यावर बघितलं मी आत्ता. मीच दिसतोय. पोरगं कुठाय?"

त्याच वेळी खरं सांगायचं होतं. "सर, मी कापलं," तीनच शब्द. पण गुरुवारच्या हारावरून तीन दिवस मी सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुन्हा एक चूक माझ्या नावावर लागली असती, तीही भर मांडवात.

"सर, मोठ्या पडद्यावर मावत नाही तो," मी म्हणाले. "आडवा असतो ना पडदा. मोबाईल उभा असतो. मोबाईलवर सबंध दिसतो."

"पोरासकट?"

"पोरासकट."

त्यांचा चेहरा इतका उजळला, की तो चेहरा मला अजून आठवतो आणि अजून लाज वाटते. "मग हरकत नाही," म्हणाले, "त्याच्याकडे मोबाईलच असणार." दोन पावलं गेले आणि परत वळले. "कोइमतूरहून काही आलं का? तुझ्या त्या अभिप्रायाच्या चौकटीत?"

"नाही, सर."

हे दुसरं खोटं. आलं होतं.

गुरुवारी हार दिसल्यापासून संध्याकाळपर्यंत अभिप्रायाच्या चौकटीतून साठ-सत्तर श्रद्धांजल्या आल्या होत्या. त्या सगळ्या मी संध्याकाळी पुसून टाकल्या. एक ठेवली. ती अशी होती:

'बातमी कळली. दुकान बंद केलं. अंघोळ केली, केस काढले. निघणार होतो, गाडीसुद्धा सांगितली होती. मग फोटो पुन्हा बघितला. माझा हात तेवढा ठेवून बाकी मला कापलंय. अण्णा गेले तरी मी नकोच असेन, तर राहू दे. माझी वाट बघू नका. ज. ब. विभूते.'

हे वाचलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटी होते. त्याला दोन ओळी लिहायच्या होत्या. अण्णा जिवंत आहेत, आणि तुम्हाला मी कापलंय, त्यांनी नाही. चार वेळा लिहायला घेतलं. मग वाटलं, जिवंत आहेत हे त्याला ग्रुपवर कळलंच असेल. मग वाटलं, उद्या लिहू. रविवार उजाडला.

सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, सहा भाषणं झाली. प्रत्येक भाषणात हाराचा विनोद झाला आणि लोक पोट धरून हसले. सर फाटकाकडे बघत होते. शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी जे शिकवलं ते बरोबर शिकवलं. बाकीचं तुम्ही बघा." आणि खाली बसले.

सोमवारी सकाळी, मुळीक सरांना न विचारता, मी सबंध फोटो लावला. काळ्या पट्ट्यांसकट. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मेळावा झाला होता, आता ते पान बघतंय कोण!

त्यानंतर सर दोन वर्षं होते. बाजारात भेटायचे, देवळापाशी भेटायचे. पहिले काही महिने विचारायचे, "काही आलं का गं?" मी 'नाही' म्हणून मान हलवायची. एकदा इंदूताईंच्या ओट्यावर बसले होते, मी सायकल थांबवली, तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कोइमतूरची पोरं आली होती यात्रेला. सांगत होती, जालिंदरनं पान उघडून बघितलं म्हणे त्या दिवशी. मोबाईलवरच बघितलं."

मी सायकलचं हँडल सरळ केलं.

"म्हणजे सबंध फोटो दिसला त्याला. स्वतःला बघितलं त्यानं. तरी नाही आला." त्यांनी काठीनं ओट्यावरची एक काडी खाली ढकलली. "संपलं म्हणायचं मग. माझ्याकडून जेवढं होतं तेवढं मी केलं."

त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. आणि मी, निर्लज्ज बाई, मला हायसं वाटलं.

सर गेले ते जानेवारीत, सकाळी, अंघोळीचं पाणी तापत असताना. मी गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मुळीक सर, इंदूताई, गलाईवाले चार जण. त्यांच्यातल्या एकानं कोइमतूरला फोन लावला होता.

"काय म्हणाला?" इंदूताईंनी विचारलं.

"म्हणाला, माझी अंघोळ दोन वर्षांपूर्वीच झालीय. माझी वाट बघू नका."

"बापासाठीसुद्धा नाही? काय दगड आहे का काय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हळहळले. त्याला नावं ठेवली. दगड, राक्षस, काय काय. मी तिथंच तुळशीपाशी मोबाईल हातात धरून उभी. बोलले असते तर त्याला नावं ठेवणं थांबलं असतं, पण मग माझी पाळी आली असती. पुतण्यानं मडकं धरलं. चौघांनी खांदा दिला. उचललं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेले मी बघितले आणि मगच मी गलाईवाल्यांकडून घेतलेला त्याचा नंबर फिरवला.

"कोण?"

"मी उज्ज्वला कुंभार. शाळेतली. तो फोटो लावला होता ना, सरकता, ती मी."

"सांगितलं ना आत्ता. उरका तुम्ही."

"फोटो मी कापला होता," मी म्हणाले. "अण्णांनी सबंध दिला होता. तुमच्यासकट. तोच लाव म्हणाले होते. तुम्ही यावं म्हणूनच सत्कार घेतला त्यांनी. तुमच्यासाठी शेजारी खुर्ची ठेवली होती."

पलीकडे भट्टीचा आवाज येत होता, भकभक असा.

"त्यांना माहीत होतं? कापलंय म्हणून?"

"नाही. मी त्यांना सांगितलं, मोबाईलवर तुम्ही दिसता म्हणून."

"म्हणजे... मी फोटोत स्वतःला बघूनही आलो नाही, असं वाटलं त्यांना?"

मला हो म्हणवेना. त्याला कळलं.

"उचललं का?" त्यानं विचारलं.

"आत्ताच."

फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो लॅबच्या दारात उभा राहिला. राख सावडून सरळ शाळेत आला होता. पन्नाशीकडे झुकलेला, काळवंडलेला, बोटं धुरानं आणि आम्लानं जळालेली. डोक्यावर वस्तरा फिरवलेला, ताजा. दुसऱ्यांदा.

"दाखवा," एवढंच म्हणाला.

मी पान उघडलं. पहिला फोटो, दुसरा, तिसरा आला. काळ्या पट्ट्यांच्या मध्ये सबंध फोटो, सर, फळा, त्रिकोण आणि त्यांच्या कमरेशी खडू देणारं ते पोरगं. मी माउस त्याच्याकडे सरकवला. "फोटोवर धरून ठेवलं की थांबतो तो," म्हणाले.

त्यानं हात ठेवला. फोटो थांबला. तो किती वेळ बघत होता मला माहीत नाही. मधली सुट्टी होऊन गेली, पोरं येऊन डोकावून गेली. तो रडला नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर वाचलं, अण्णा जिवंत आहेत म्हणून," तो म्हणाला, स्क्रीनवरची नजर न काढता. "आरशासमोर उभा राहिलो. डोकं असं. म्हटलं, आता कुठल्या तोंडानं फोन करू? जिवंत बापासाठी केस काढले म्हणून सांगू? तरी केला असता. केला असता मी. पण तो हात दिसत होता ना सारखा. कापलेला."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"हार काढायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"तासभर."

"आणि हे सांगायला दोन वर्षं."

त्यानं माउसवरचा हात काढला, उठला आणि मागे न बघता निघून गेला. पाच सेकंदांनी फोटो सरकला, आणि चौकटीत मुळीक सर आले.